उपग्रहाचे कनेक्शन कसे घ्यावे आणि टिनावरून खाली कसे उतरावे

आधी पात्रता तपासून घ्या. धरमपेठेत किंवा मनीषनगरात राहत असाल आणि गल्लीतल्या खांबावर तीन-तीन कंपन्यांच्या वायरी लोंबत असतील, तर ही मार्गदर्शिका मिटा आणि तर्री-पोहे खायला जा. सातनवरीचे असाल तरी थांबा. अमरावती रोडवरचे तुमचे गाव २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशातले पहिले ‘स्मार्ट आणि इंटेलिजंट’ गाव म्हणून जाहीर झाले आहे. आता तुम्हीच आम्हाला शिकवायचे. आमचा विद्यार्थी वेगळा. त्याच्या गावात नेट येते, पण एका ठरावीक जागी येते. पाण्याच्या टाकीखाली, नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर, नाही तर पाटलाच्या धाब्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, तेही संध्याकाळी सातच्या आत. सातनंतर सगळे गाव त्याच कोपऱ्यात असते. पोराची ऑनलाइन परीक्षा असली की माय त्याला डबा बांधून टाकीखाली धाडते. असा विद्यार्थी पेंचच्या जंगलालगत सापडेल, गडचिरोलीत तर हमखास सापडेल. त्याने पुढे वाचावे.

साहित्य: एक छत्री, तिच्यापुढे दांडीवर बसून सिग्नल टिपणारा एलएनबी, पंधरा-वीस मीटर वायर, सेट-टॉप बॉक्स, पान्यांचा संच आणि एक जावई. जावई नसल्यास भाचा चालतो, पण जावई बरा. चुकला तरी त्याला कोणी बोलत नाही.

पायरी पहिली: दिशा

टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या थेट वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून खालून पाहणाऱ्याला तो एका जागी खिळलेला. नागपूर आहे ७९ अंश पूर्व रेखांशावर. दूरदर्शनच्या फुकट सेवेचा, म्हणजे डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंशांवर. म्हणून फुकटाची छत्री आग्नेयेकडे वळवायची. टाटा प्लेचा ८३ अंशांवर, म्हणून ती जवळजवळ दक्षिणेकडे. इथे घरातले वास्तुशास्त्र जाणणारे काका मध्ये पडतील. आग्नेय ही अग्नीची, स्वयंपाकघराची दिशा, तेव्हा तिकडे त्यांची हरकत नसते. दक्षिण मात्र यमाची. दर महिन्याला पैसे मागणारी सेवा यमाच्या दिशेने येते यात काकांना अर्थ दिसतो. त्यांच्याशी वाद घालू नका. रिचार्ज संपल्याच्या रात्री त्यांचे म्हणणे तुम्हालाही पटेल.

दिशा सापडली, आता उंची. सगळी नागपुरी बुद्धी इथेच हरते, म्हणून जरा थांबून समजून घ्या. नागपुरातून फ्री डिशचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर आहे, म्हणजे चांगला डोक्याकडे कललेला. हे कळल्यावर जावई छत्री आभाळाकडे तोंड करून बसवतो, आणि टीव्हीवर निळा पडदा येतो. कारण घरगुती छत्रीचा एलएनबी तिच्या बरोबर मध्यासमोर नसतो, खालच्या बाजूला असतो. समोरून आलेला किरण नव्हे, वरून तिरपा आलेला किरण ती त्याच्यावर पाडते. म्हणजे छत्री जिकडे पाहतेय असे वाटते, त्याहून वीस-पंचवीस अंश वर तिचे खरे लक्ष असते. चेहरा समोरच्या घराच्या माळ्याकडे, ध्यान अंतराळात. जावयाला हे समजावायला जाऊ नका. त्याला सांगा, ‘जावईबापू, आणखी खाली वाकवा,’ आणि बाजूला व्हा.

पायरी दुसरी: सिग्नल

यासाठी माणसे तीन लागतात. एक टिनावर, एक अंगणात, एक टीव्हीसमोर. टीव्हीसमोरच्या माणसाचे बोलणे टिनावर ऐकू जात नाही, म्हणून अंगणातला. तो बहुधा शाळकरी पोट्टा असतो आणि निरोप पोचवताना त्यात स्वतःचे काही घालतो.

‘आलं का बे?’

‘आलं! ... गेलं!’

‘गेलं म्हंजे कोठी गेलं?’

‘मले का मालूम? माय म्हणते, गेलं.’

‘तिले म्हण, पट्टी पाय. किती टक्के दाखवून राहिली?’

‘माय म्हणते, भाजी जळून राहिली.’

नवशिक्याने लक्षात ठेवायचे ते एवढेच: छत्री एका वेळी बोटभरही हलवायची नाही, नखभर हलवायची, आणि हलवली की पाच सेकंद थांबायचे. बॉक्सला विचार करायला तेवढा वेळ लागतो. जावई तीन सेकंदांत पुन्हा हलवतो, आणि आलेला सिग्नल ‘आला’ अशी हाक टिनावर पोचेपर्यंत गेलेला असतो. गावात बसलेल्या निम्म्या छत्र्या अशा पाच सेकंदांच्या धीराअभावी रात्री टॉर्चच्या उजेडात बसल्या आहेत.

सुरक्षेच्या सूचनांत विनोद करण्यासारखे काही नाही. वीज कडकडत असताना वर चढू नये. विदर्भात विजेने माणसे मरतात. मे महिन्याच्या दुपारी टिनावर अनवाणी पाय ठेवू नये. कवेलूंवर तर चढूच नये, छत्रीचा खांब अंगणात रोवावा. आणि शिडी लावणाऱ्याने शिडी धरून उभे राहावे, चहाला जाऊ नये.

पायरी तिसरी: पावसाळा

छत्री जूनमध्ये चालू असेल तर ती जुलैत का बंद पडते, हा प्रश्न तुम्ही ग्राहक सेवेला विचारालच. तिथली मुलगी बॉक्स बंद करून चालू करायला सांगेल. खरे कारण असे: या सेवेच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते, आणि मुसळधार पावसाचे थेंब तेवढ्या आखूड लहरी शोषून घेतात, विखरून टाकतात. ढग वळले, सर पडली, की चित्राचे चौकोन होतात. पाऊस ओसरला की आपोआप परत येते. जावयाला टिनावर पाठवू नका. भिजलेल्या जावयाने हलवलेली छत्री ऊन पडल्यावरही परत येत नाही.

मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणखी एक गंमत होते. दिवसा काही मिनिटे सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, आणि छत्रीला त्याच्या गोंगाटात उपग्रहाचे ऐकू येत नाही. काही दिवस हे होते आणि जाते. याला उपाय नाही. त्या वेळात घरात कोण कोण आहे ते पाहून घ्यावे.

जुने लोक म्हणतील की केबलवाल्याची ती अवाढव्य जाळीची छत्री पावसात अशी रुसत नसे. बरोबर आहे. तिच्या लहरी सुमारे तिप्पट लांब, त्या पावसाला एवढ्या दबत नाहीत. पण त्या छत्रीला अख्खी गच्ची लागायची. मुळात हा सगळा प्रकार जाळीपासूनच सुरू झाला. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना टीव्ही दाखवला गेला. शेती, आरोग्य, शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता, पण शेजारचे रायपूर-दुर्ग होते. तेव्हा ते मध्य प्रदेशात. तिथे गावातल्या सार्वजनिक टीव्हीला तीन मीटर रुंदीची छत्री लावली होती, आणि ती होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. उपग्रह उसना होता. वर्ष भरले आणि अमेरिकेने तो परत आपल्या भागावर सरकवून नेला. खेड्याला कनेक्शन देऊन सवय लागल्यावर काढून घेण्याची रीत तिथपासूनची असावी. मग १९८३ च्या ऑगस्टमध्ये आपला स्वतःचा इन्सॅट-१ब वर गेला, आणि त्यावरून खेड्यांना दाखवायच्या कार्यक्रमांसाठी महाराष्ट्रातून नागपूरचा परिसर निवडला गेला. पुढे डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची बिनभाड्याची छत्री आली: बॉक्स आणि छत्री एकदा विकत घ्या, महिन्याचे काही नाही. उपग्रहाने खेड्याला नक्की काय दिले असे मला कोणी विचारले, तर मी भाषण न करता हीच छत्री दाखवीन. रिचार्ज नसल्यामुळेच ती टिकली.

पायरी चौथी: आता नेट

इथे प्रत्येक नवशिका एक प्रश्न विचारतो: छत्री तर बसलीच आहे, मग त्यातूनच नेट का येत नाही? कारण टीव्हीची छत्री फक्त घेते, पाठवत नाही. टीव्हीला तुमच्याकडून काही नको असते, पैसे सोडून. नेटला मात्र तुमचे म्हणणे वर जावे लागते: मला अमुक पान दाखव, सातबारा काढ, हा फोटो पाठव. त्यासाठी वर बोलणारे वेगळे यंत्र लागते.

असे यंत्र ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाशीही बोलते. ह्यूज या कंपनीने इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ वरून सप्टेंबर २०२२ मध्ये तशी ब्रॉडबँड सेवा सुरू केली. ती चालते, पण अंतराचा हिशेब कोणाला चुकत नाही. तुमचा प्रश्न वर जातो, खाली येतो. उत्तर वर जाते, खाली येते. प्रकाशाच्या वेगानेही या चार फेऱ्यांना जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. ईमेलला, पीक विम्याच्या फॉर्मला काही फरक पडत नाही. व्हिडिओ कॉलला पडतो. मुलगा पुण्याहून ‘जेवलीस का?’ म्हणतो. उत्तर येत नाही म्हणून ‘ऐकू येतंय का?’ म्हणतो. तेवढ्यात इकडून ‘हो’ पोचते, ते कोणत्या प्रश्नाचे कळत नाही. मग दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात. नागपूरकडची माणसे थांबणाऱ्यांपैकी नाहीत, म्हणून आमच्याकडे हा त्रास कमी.

अर्धा सेकंद नको असेल तर उपग्रह खाली आणावा लागतो. स्टारलिंक कंपनीचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात. २०२१ मध्ये कंपनीने भारतात परवान्याआधीच आगाऊ बुकिंग घेतले, सरकारने हटकले आणि तिला पैसे परत करावे लागले. परवाना मिळाला तो २०२५ च्या जूनमध्ये. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी आमचे नागपूरचेच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम हे जिल्हे त्यात घेतले. इरादापत्र म्हणजे साक्षगंध. मुलगी पसंत आहे, पेढे वाटले आहेत, फोटो पेपरात आला आहे. हॉल बुक करायची घाई करू नका.

तरीही वरात आलीच, तर तयारी करून ठेवलेली बरी. स्टारलिंकच्या चपट्या अँटेनाला दिशेचे भांडण फारसे नाही, ती बहुतेक वरच पाहते, त्यामुळे वास्तुवाले काका शांत राहतील. पण तिला एक ठिपका पुरत नाही, अख्खे आभाळ लागते. एक उपग्रह ताशी २७ हजार किलोमीटरने धावतो, काही मिनिटांत नजरेआड होतो, आणि अँटेना दुसऱ्याला पकडते. मध्ये अंगणातला कडुनिंब आला की दर थोड्या वेळाने नेट अडकते आणि सुटते. यावर कंपनीचा माणूस झाड छाटायला सांगेल. विदर्भाच्या उन्हाळ्यात सावलीचे झाड आणि नेट यांतले एक निवडायची वेळ आली तर झाड ठेवा. हे माझे मत आहे, आणि खाटेवर झोपलेल्या आजोबांचेही.

उन्हाचे आणखी एक. अशा अँटेनाची मर्यादा कागदावर साधारण ५० अंशांपर्यंत असते. नागपूरने २०१३ च्या मेमध्ये ४७.९ पाहिलेले आहे, आणि हे सावलीतले तापमान. तापलेल्या टिनाच्या वरचे काय असेल ते पापड वाळत घालणाऱ्या बाईला विचारा. (२०२४ च्या मेमध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, यंत्र बिघडलेले निघाले. नागपूरकरांना मात्र त्या आकड्यात नवल वाटले नव्हते.) म्हणून अँटेना टिनापासून वर, खांबावर बसवा, खालून हवा जाऊ द्या. माकडांसाठी खांबाला बोराटीच्या फांद्या बांधा. कंपनीच्या पुस्तिकेत हे नसते, ती पुस्तिका माकडे नसलेल्या गावात लिहिलेली असते.

आणि लाईन. या अँटेनाला सतत ७५ ते १०० वॅट लागतात, साधारण एका जुन्या पंख्याइतके. लाईन गेली की उपग्रह आपल्या जागी व्यवस्थित असतो, तुम्ही नसता. म्हणून इन्व्हर्टर घ्या आणि त्यावर पंखा चालवायचा की नेट, हे आधीच, सगळे घरात असताना, ठरवून ठेवा. डीपी जळाला असेल तर हा प्रश्न आठवडाभर पडत नाही.

शेवटची पायरी: पासवर्ड

कनेक्शन लागले की संध्याकाळी तुमच्या ओट्यावर अचानक मित्र वाढतील. ते काही मागणार नाहीत. बसतील, पावसापाण्याचे बोलतील, फोन उघडून बघतील, मग म्हणतील, ‘वायफाय दिसून राहिलं बाप्पा तुमचं.’ पासवर्ड न देणे शक्य नाही. गावात राहायचे आहे. मुलीच्या नावाचा किंवा घराण्याच्या देवाचा पासवर्ड ठेवू नका, तो पहिल्याच दिवशी ओळखला जातो. अवघड ठेवा आणि भिंतीवर खडूने लिहून टाका. महिन्याचे बिल आले की चार घरांत वाटून घ्या. एकट्याने भरणे परवडणार नाही, आणि वाटून घेतले की रात्री नेट कोणी खाल्ले याची चौकशी करायचा हक्क चौघांना मिळतो. पासवर्ड दर महिन्याला बदला. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली असेल तर मात्र निकाल लागेपर्यंत बदलू नका.