मला उद्योजक केल्याबद्दल कंत्राटदार साहेबांना अनावृत पत्र

मा. कंत्राटदार साहेब,



महिना २०,००० रुपयांवर एसी दुरुस्त करणाऱ्या पोराला आपण रातोरात 'सब-कॉन्ट्रॅक्टर' केलंत. सात पिढ्यांत आमच्याकडे धंदा कुणी केला नव्हता. उपकार कसे फेडू?

आता हे व्हाउचर पाहा. लेबर चार्जेस २०,०००. वजा टीडीएस २००, टी-शर्ट ३५०, लेट मार्क ३००. स्वतंत्र व्यावसायिकाला लेट मार्क लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्या टी-शर्टावर नावही आपल्याच कंपनीचं आहे, म्हणजे आपल्या जाहिरातीचा खर्चही या उद्योजकानेच उचलला.

टीडीएसची तक्रार नाही, ते आयकर कायद्याचं कलम १९४-सी. वर्षाची बेरीज एक लाखाच्या पुढे गेली की माझ्यासारख्या एकट्याचा १ टक्का कापायचा. म्हणून सप्टेंबरात आपण सहा महिन्यांचे १,२०० एकदम कापलेत. बरोबरच केलंत. पॅन नाही म्हणून नव्या पोराचे २० टक्के गेले, तेही कायद्यानेच. पण २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही आणि माझी वर्षाची उलाढाल २,४०,०००. म्हणजे हे पैसे रिटर्न भरलं की परत येतात. पेट्रोल आणि गेजचा खर्च धंद्याच्या उत्पन्नातून वजा करायचीही मुभा आहे. ज्याला कर लागतच नाही, त्याने ती मुभा कुठे वापरायची, तेवढं सांगा.

खरी कपात व्हाउचरवर नाहीच. मला कामगार म्हटलं असतंत, तर बेसिक १५,००० धरून पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,८०० आपल्या खिशातून गेले असते. ईएसआयचे सव्वातीन टक्के, म्हणजे ६५०. दरमहा २,४५० वाचवून आपण माझे २०० कापता आणि वर 'टॅक्स आहे रे' म्हणता. परवा टेरेसवर आउटडोअर युनिट उचलताना माझ्या जोडीदाराचा हात चेचला. उद्योजक असल्यामुळे टाक्यांचं बिल त्याने स्वतःच भरलं.

टीडीएस १९४-सीखाली कापला म्हणून माणूस कंत्राटदार ठरत नाही, साहेब. सौराष्ट्रातल्या मिठागरांचे अगरिये मणावर पैसे घेत, मदतीला स्वतःची माणसंही लावत. तरी १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच ठरवलं, कारण कामावर देखरेख मालकाची होती. आमचा तर सकाळी नऊला अंगठा लागतो.

तेव्हा एक तर ते अंगठ्याचं मशीन काढा, नाहीतर पीएफ नंबर द्या. आणि कापलेला कर भरला असेल, तर माझ्या कर-जमेच्या २६-एएस उताऱ्यात दिसू दे. आपण भरला नाहीत तरी आयकर खातं तो माझ्याकडून पुन्हा मागू शकत नाही, पण रिफंडसाठी चपला माझ्याच झिजणार. सप्टेंबरच्या १,२०० चा दाखला, म्हणजे फॉर्म १६-ए, १५ नोव्हेंबरपर्यंत मिळायला हवा होता. आज २२ डिसेंबर आहे.

आपला,
नऊ ते सहा स्वतंत्र व्यावसायिक