रकाना क्रमांक सात

पात्रं : कोल्हापुरातल्या एका कॉलेजातले मेंटॉर सर (वाट्याला आलेली पोरं साठ), बी.एस्सी. भाग एकची विद्यार्थिनी (यापुढं नुसतं ‘भाग एक’), आणि नॅकच्या प्रत्येक समितीला चहा पाजलेले शिपाईमामा.
स्थळ : केमिस्ट्रीची स्टाफरूम. बाहेर ऑगस्टचा पाऊस. टेबलावर मेंटॉर-मेंटी रजिस्टर.

भाग एक : आत येऊ सर?

सर : ये, बस. नाव-गाव भरलंय मी. रकाना चार, बलस्थानं. सांग पटापट.

भाग एक : म्हणजे?

सर : तुझ्यात चांगलं काय आहे?

भाग एक : काय न्हाई सर.

सर : असं लिहिता येत नाही गं.

मामा : ‘मेहनती’ लिवा. गेल्या साली साठच्या साठ मेहनती हुती.

सर : (लिहितात) पाच, कमतरता.

मामा : इंग्रजी.

भाग एक : हे बरोबर हाय.

सर : सात. पाच वर्षांनी तू स्वतःला कुठं बघतेस?

भाग एक : घरातल्या कुणाचं लिहिणार सर? काका म्हणत्यात एमपीएससी. दादा म्हणतोय पोलीस भरती, उंची हाय तर वाया घालवू नको. पुण्याची आत्या म्हणती कॉम्प्युटर. आणि आजीला तुमच्या त्या नव्या धोरणाचा पॅटर्न लई आवडलाय.

सर : आजीला? तुझी आजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण वाचते?

भाग एक : मीच वाचून दाखवलो. एक वर्ष झालं की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतंय, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीनला डिग्री, चारला ऑनर्स. आजी म्हणाली, एका वर्षात कागद मिळतोय तर तीन वर्षं कशाला? स्थळं बघूया.

मामा : म्हातारी हुशार हाय.

सर : अगं, ती सोय अडचणीत सापडलेल्या पोरासाठी आहे! शिवाय नुसतं बाहेर पडून भागत नाही, कौशल्याचे चार क्रेडिट जादा करावे लागतात.

भाग एक : आजी म्हणती, ते सासरी करंल.

सर : (पेन खाली ठेवतात) आणि तुझं स्वतःचं काय?

भाग एक : मी पीएसआय म्हणतो.

सर : का?

भाग एक : स्टँडवर फ्लेक्स लागतोय की! गेल्या साली एक ताई झाली, तिचा वीस फुटी लागला. खाली शुभेच्छुकांचे चाळीस फोटो. शिरोलीच्या फौंड्रीत लॅबला लागलेल्या दादाचा कुणी लावलाय काय? तो नोकरीला लागलाय हे त्याच्या गल्लीतबी माहीत न्हाई.

(सर गप्प. कोल्हापूर जिल्ह्यात करिअर मार्गदर्शनाचं सर्वात मोठं केंद्र फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे, हे त्यांना कुठल्याच कार्यशाळेत कुणी सांगितलेलं नव्हतं.)

सर : बरं, ते राहू दे. अभ्यास कसा करतेस? पुस्तक बघू. ...हे काय? पुस्तकाला हळद लागलीय की!

भाग एक : महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या सर.

सर : पांढरी कुठली राहिलीय?

भाग एक : सगळंच महत्त्वाचं वाटलं. तीनदा वाचलोय.

सर : मीट आता. अभिक्रियेचा वेग कशाकशावर अवलंबून असतो, सांग.

भाग एक : (छताकडं बघत) पान दिसतंय सर. उजवीकडं, खालच्या बाजूला. वरती आकृती हाय.

सर : आकृतीत काय आहे?

भाग एक : पिवळं हाय.

सर : हे बघ. अमेरिकेत सेंट लुईसला रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली एक प्रयोग छापला. कॉलेजच्या पोरांना उतारे दिले. एक उतारा पुन्हा वाचायला लावला. दुसरा एकदा वाचून, कागद बाजूला ठेवून, आठवेल तेवढा लिहून काढायला लावला. काहींची पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचलेला उतारा पुढं.

भाग एक : मग माझंच बरोबर!

सर : थांब की. काहींची आठवड्यानं घेतली. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवलं, मिटून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. पाच मिनिटांच्या हुशारीवरच आपण फसतो. परीक्षा काय पाच मिनिटांनी असते?

मामा : आपल्याकडं तर तारीख लांबतीयाच.

सर : म्हणून वाचायचं, मिटायचं, कोऱ्या कागदावर लिहायचं, उघडून चूक बघायची. दोन दिवसांनी परत तेच.

भाग एक : सर, तुम्ही करता असं?

सर : मी? मी शिकवतो.

भाग एक : मग नोट्स मिटून सांगा की, अभिक्रियेचा वेग.

मामा : त्या नोट्सना हात लावू नका. झेरॉक्सला नेल्या तर पोरगा म्हणाला, मामा, तुकडं पडतील, जबाबदारी तुमची.

सर : (नोट्स मिटून) तापमान. संहती. उत्प्रेरक. पृष्ठफळ... आणि...

भाग एक : पान दिसतंय काय सर?

सर : ...अभिकारकांचं स्वरूप! पाच झाले. चला, वेळापत्रक. रोज सहा तास अभ्यास.

भाग एक : कुठनं आणू सर? पाचला उठतो, धार काढतो, डेअरीला दूध घालतो, सातची एसटी. चारला कॉलेज सुटतंय, घरात जाईस्तोवर साडेपाच. परत धारा, भाकरी. नऊला डोळा लागतोय. तरी ओपन इलेक्टिव्ह मी अभ्यास करूनच निवडलंय.

सर : कुठला अभ्यास?

भाग एक : एसटीच्या वेळापत्रकाचा. त्या विषयाचा तास साडेतीनला संपतोय, तेवढाच एक लवकर.

सर : दोन क्रेडिटचे तीस तास असतात बाई, ते गाडी बघून निवडलेस? त्यापेक्षा मराठी निबंधाचं घेतलं असतंस, लिहायला तरी हात बसला असता. असू दे. एसटीत किती वेळ जातो?

भाग एक : पाऊण तास. पण उभ्यानं वाचता येत न्हाई, एका हातात दांडी, एका हातात डबा.

सर : वाचायचं नाहीच! सकाळच्या तासाला काय झालं ते नुसतं आठवत जायचं. अडलं की अडलं एवढंच ध्यानात ठेवायचं, घरी जाऊन तेवढंच पान उघडायचं. दांडी सोडायची गरज नाही.

भाग एक : ...हे जमंल.

सर : जमेल म्हणजे काय! तुमच्याच कागलकडून शिकलेले गोखले. गोपाळ कृष्ण. कागलहून कोल्हापूरला आले, इथंच राजाराम हायस्कूलमधून १८८१ ला मॅट्रिक झाले. थोरला भाऊ पंधरा रुपये पगारावर नोकरीत, त्यातले आठ रुपये महिन्याला ह्यांना पाठवायचा.

भाग एक : म्हणजे भाऊ शिकायचा सुटला.

सर : हो, पण मुद्दा तो नाही...

भाग एक : माझ्या घरात तोच मुद्दा हाय सर. मी शिकलो की बारका भाऊ कुठल्या रकान्यात?

(मामा सरांपुढं चहा ठेवतात. तो सर पितात. उत्तर म्हणून तेवढंच सुचतं.)

सर : आणि गोखल्यांनाही एका दमात कळलं नव्हतं बरं का. बी.ए. झाल्यावर इंजिनिअरिंगला जाऊन परत फिरले, वकिलीचा अभ्यास धरला तोही पुरा केला नाही, पुण्यात शाळेत शिकवायला लागले. रकाना सात त्यांनाही भरता आला नसता. बरं, डेअरीला दूध कोण घालतं म्हणालीस?

भाग एक : मीच. स्लीपबी मीच बघतो. म्हशीला सहा फॅट, नऊ एसएनएफ धरून दर. एकदा फॅट एकदम पडलं, तेव्हा मीच सेक्रेटरीला सांगून दुसरं सॅम्पल लावायला लावलं.

सर : का पडलं होतं?

भाग एक : दूध न ढवळता सॅम्पल काढलं की! साय वर, नळी खाली.

सर : (सरसावून बसतात) पूर्वी फॅट कसं काढायचे ठाऊक आहे?

भाग एक : काचेच्या नळीत ॲसिड घालून गरागरा फिरवायचे. आजोबांच्या वेळी.

सर : ती गर्बर पद्धत! सल्फ्युरिक ॲसिडनं प्रथिनं विरघळतात, फॅट मोकळं होऊन वर येतं. ही केमिस्ट्रीच आहे गं! आणि ऊस?

भाग एक : सव्वादोन एकर. १०.२५ टक्के साखर उताऱ्याला २०२५-२६ च्या हंगामात एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागं ३ रुपये ४६ पैसे. तोडणी-वाहतूक वजा.

सर : हे पुस्तक न उघडता?

भाग एक : हे पुस्तकात कुठं हाय सर? हे पोटात हाय.

सर : मामा, रकाना चार खोडा.

मामा : खाडाखोड चालत न्हाई. बाजूला सही करा.

सर : ऐक. तो उतारा मोजणारा माणूस बी.एस्सी. केमिस्ट्रीच असतो. कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा ब्रिक्स, पोल काढत बसलेला असतो. पुढं शिकायचं तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५ पासून. दुधाच्या लॅबा आहेत, शिरोलीच्या फौंड्रीत लोखंडातला कार्बन, सिलिकॉन तपासावा लागतो. तू पीएसआय हो, मला काय अडचण नाही. पण एकदा आत जाऊन बघ, मग ठरव.

भाग एक : आत सोडत्यात?

सर : मी पत्र देतो. गाळप सुरू झालं की दिवाळीनंतर नेऊया, दहा-बारा जण.

मामा : अर्ज तीन प्रतीत. ‘नोकऱ्या बघायला’ लिवू नका, वरनं विचारतील कॉलेज कशाला काढलंय. ‘औद्योगिक अभ्यास भेट’ लिवा, लगेच सही.

सर : आणि वडिलांचं संमतीपत्र लागेल. देतील ना?

भाग एक : देतील की. नुसतं देणार न्हाईत, स्वतःच येतील.

सर : ते कशाला?

भाग एक : खरा उतारा किती बसतोय, ते बघायला.

सर : (घाईनं) हे बघ बाळ, तिथं ब्रिक्स विचार, पोल विचार, पगार विचार. तेवढं मात्र विचारू नकोस. आपल्या कॉलेजला परत आत घ्यायचे नाहीत.