बाळाचं रक्त बाळाला मिळू द्या
नाळेतल्या रक्ताचा ‘विमा’ विकणाऱ्यांस खुलं पत्र

महोदय,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. मी तुम्हाला नमस्कार करते, पण सप्रेम म्हणणार नाही. गरोदर बाईच्या भीतीवर तुम्ही धंदा उभा केला आहे आणि त्याचा जाब मागायला हे पत्र लिहिते आहे. ते खुलं लिहिते, कारण तुमचा फोन मला एकटीला आलेला नव्हता. आज सोनोग्राफीच्या रांगेत बसलेल्या कितीतरी जणींना तो येतो आहे.

तुमचा फोन आला तेव्हा मला सातवा महिना चालू होता. माझं नाव, नवऱ्याचं नाव, बाळंतपणाची अंदाजे तारीख, सगळं तुमच्याकडे आधीच होतं. ही माहिती मी एकाच ठिकाणी लिहून दिली होती, दवाखान्याच्या फॉर्मवर. ती तुमच्यापर्यंत कशी पोचली, हे मी तेव्हाच विचारलं होतं. तुम्ही उत्तर टाळलंत आणि बोलणं थेट बाळाच्या आजारांवर नेलंत. मग सवलतीचा शेवटचा दिवस सांगितलात, हप्त्यांची सोय सांगितलीत. मी विचार करून सांगते म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “मॅडम, ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. उद्या बाळाला काही झालं तर स्वतःला माफ करू शकाल का?”

पोटात बाळ असलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा नसतो, महोदय. ज्याला तिचं किंवा तिच्या बाळाचं भलं करायचं आहे, तो हा प्रश्न विचारत नाही. तिला विचार करायला वेळ मिळू नये, असं वाटणाराच तो विचारतो.

आता तुमच्या मालाबद्दल बोलू. बाळंतपणानंतर नाळेत आणि वारेत उरलेलं रक्त गोळा करायचं, त्यातल्या मूलपेशी वर्षानुवर्षं गोठवून ठेवायच्या आणि पुढे बाळाला गंभीर आजार झाला तर त्या वापरायच्या, ही तुमची योजना. तुम्ही तिला ‘जैविक विमा’ म्हणता. तुमच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत ८० आजारांचा आकडा असतो. मूलपेशींच्या प्रत्यारोपणाने रक्ताचे अनेक आजार बरे होतात, हे खरं आहे. तुम्ही गाळता ती गोष्ट वेगळीच आहे. त्यांतल्या बहुतेक आजारांत दुसऱ्या कुणाच्या तरी मूलपेशी लागतात. बाळाच्या स्वतःच्या चालत नाहीत.

नाळेतल्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केलं. फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं गेलं. त्या मुलाचं स्वतःचं रक्त जन्माच्या वेळी गोठवून ठेवलेलं असतं, तरी ते त्याच्या उपयोगाचं नव्हतं, कारण आजार त्याच्या जनुकांतच होता. तुमच्या धंद्याचा पाया म्हणून जो प्रसंग सांगितला जातो, तो तुमच्या दाव्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

थॅलेसेमियाचंही तसंच आहे आणि सिकलसेलचंही. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलने किती घरं पोळली आहेत, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. या आजारांची बिघडलेली जनुकं बाळाच्या प्रत्येक पेशीत असतात, तशी नाळेतल्या रक्तातही असतात. तेच रक्त परत दिलं तर तोच आजार परत दिल्यासारखं होईल. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही पुष्कळदा पहिला बिघाड जन्माआधीच झालेला असतो, म्हणून तिथेही डॉक्टर बाळाच्या स्वतःच्या साठवलेल्या रक्ताकडे वळत नाहीत. आईबाप ज्या आजारांच्या नावांनी घाबरतात, नेमक्या त्याच आजारांत तुमची साठवण हात वर करते. ज्या धोक्याचं नाव सांगून हप्ता घ्यायचा, त्याच धोक्यात जो कामाला येत नाही, त्याला विमा म्हणणं ही फसवणूक आहे.

स्वमग्नता आणि मेंदूचा पक्षाघात हे शब्द तुम्ही बोलण्यात हळूच पेरता. या दोन्हींवर मूलपेशींचा उपचार अजून सिद्ध झालेला नाही. जे प्रयोगाच्या पायरीवर आहे, ते उपचार म्हणून सांगून तुम्ही पुढच्या काळजीचे पैसे आजच वसूल करता.

हे सगळं माझ्या एकटीचं मत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे की, पुढे स्वतःसाठी वापरायचं म्हणून नाळेतलं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. पाठोपाठ २०१८ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, आपलं निवेदन प्रसिद्ध केलं आणि या साठवणीला ‘जैविक विमा’ म्हणून खपवण्यावर बोट ठेवलं. पहिल्या वीस वर्षांत स्वतःचं साठवलेलं रक्त वापरण्याची वेळ येण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के इतकीच धरली जाते. म्हणजे फार तर अडीच हजारांत एक, नाहीतर दोन लाखांत एक. फ्रान्स आणि इटलीत स्वतःपुरत्या अशा खासगी पेढ्या चालवायला परवानगीच नाही. आपल्याकडे २०११ पासून तुम्हाला औषध कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो. तो परवाना रक्त नीट गोळा करण्याचा, तपासण्याचा आणि साठवण्याचा आहे. तुमची आश्वासनं खरी असल्याचं प्रमाणपत्र म्हणून तो भिंतीवर लावू नका.

आता माझ्या सगळ्यात मोठ्या तक्रारीकडे येते. तुम्ही म्हणता, नाळेतलं रक्त नाहीतरी फेकूनच दिलं जातं. हे अर्धसत्य आहे आणि त्याचा उरलेला अर्धा भाग बाळाच्या हिताचा आहे.

बाळ जन्मल्यावरही काही मिनिटं नाळ चालू असते. वारेतलं रक्त त्या वेळात बाळाकडे जात राहतं. म्हणूनच नाळेला चिमटा लगेच न लावता साधारण एक ते तीन मिनिटांनी लावावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाला श्वासासाठी तातडीची मदत लागत असेल, तेव्हाची गोष्ट वेगळी. एरवी तेवढं थांबल्याने बाळाला सुमारे ८० ते १०० मिलिलिटर रक्त मिळू शकतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त अडीचशे मिलिलिटरच्या आसपास असतं, म्हणजे हा वाटा किती मोठा आहे ते बघा. त्या रक्तातलं लोह बाळाला पुढचे काही महिने पुरतं.

आपल्या देशात लोह ही किरकोळ बाब नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. शंभरातल्या सदुसष्ट मुलांच्या रक्तात कमतरता असलेल्या देशात तुम्ही आईला सांगता की, बाळाच्या वाट्याचं रक्त पिशवीत भरून आम्हाला द्या आणि ते सांभाळायचे पैसेही द्या. पिशवी चांगली भरायची तर नाळेला चिमटा लवकर लागलेला तुमच्या सोयीचा. बाळाची सोय नेमकी उलटी. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे की, रक्त साठवायचं आहे म्हणून नाळ लवकर कापू नये. तुमच्या माणसाने हे मला फोनवर सांगितलं नाही. तुमच्या चकचकीत माहितीपत्रकातही हे कुठे नव्हतं.

तुम्ही मागता ती रक्कम पन्नास हजारांपासून लाखाच्या घरात जाते. ज्यांना ती सहज परवडते त्यांच्याबद्दल मी लिहीत नाही. डोहाळजेवणाचा खर्च आटोपता घेणारी, सोनं गहाण ठेवून बाळंतपणाची तजवीज करणारी घरंसुद्धा तुमच्या हप्त्यांत अडकतात, कारण बाळासाठी कमी पडलो, असं कुणालाही स्वतःबद्दल म्हणवत नाही. तेवढ्या पैशांचं त्या घरात काय झालं असतं, ते मी सांगते. अख्ख्या कुटुंबाचा खराखुरा आरोग्य विमा झाला असता. बाळंतीण दोन-तीन महिने बिनपगारी रजेवर निवांत राहू शकली असती. घरकामाला बाई ठेवता आली असती, म्हणजे रात्रभर जागलेल्या आईला दुपारी डोळा लावता आला असता.

आणि गरोदर बाईला खरोखर गरज असते त्या गोष्टी बघा. लोह आणि फॉलिक अॅसिडच्या १८० गोळ्या, सरकारी आरोग्य केंद्रात मोफत. थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी गरोदरपणात लवकर, आणि बाईत दोष आढळला तर नवऱ्याचीही. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या अवयवांची नीट सोनोग्राफी. जन्मानंतर पहिल्या तासात अंगावरचं दूध. बाळाच्या कानांची तपासणी. आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन केलेली थायरॉइडची चाचणी.

या शेवटच्या चाचणीबद्दल थोडं जास्त लिहिते. आपल्याकडे साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाला जन्मतःच थायरॉइडची कमतरता असते. वरून बाळ गुटगुटीत दिसतं, दूध पितं, झोपतं. पहिल्या काही आठवड्यांत निदान झालं नाही तर मेंदूची वाढ कायमची खुंटते. निदान झालं तर रोज एक स्वस्त गोळी, आणि मूल इतर मुलांसारखं शाळेत जातं. चाचणी काही शे रुपयांत होते. तरीही कितीतरी दवाखान्यांत ती आपणहून केली जात नाही आणि आईबापांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. तुमच्या आकड्यांशी ताडून बघा. तिकडे फार तर अडीच हजारांत एक, आणि तेव्हाही रक्त उपयोगी पडेलच असं नाही. इकडे हजारात एक, आणि उपाय हमखास. त्या चाचणीसाठी सातव्या महिन्यात कुणीही फोन करत नाही, कारण तिच्यात कुणाचा नफा नाही.

तुमच्यावर अन्याय करायची माझी इच्छा नाही. घरात आधीच एखादं मूल रक्ताच्या अशा गंभीर आजाराने ग्रासलेलं असेल आणि त्याला प्रत्यारोपणाची गरज असेल, तर येणाऱ्या भावंडाच्या नाळेतलं रक्त जपून ठेवणं शहाणपणाचं आहे. तो निर्णय त्या मुलावर उपचार करणाऱ्या रक्तविकारतज्ज्ञांनी घ्यायचा असतो, फोनवरच्या विक्रेत्याने नाही. कुठल्याही गरजू रुग्णाला मिळावं म्हणून सार्वजनिक पेढीला केलेलं दानही मोलाचं आहे. आणि ज्या आईबापांना मूलपेशींबद्दल खरोखर काही करायचं आहे, त्यांनी दात्यांच्या नोंदवहीत स्वतःचं नाव घालावं. चेन्नईची ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून हे काम करते. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात, एवढंच. वेळ आलीच, तर आज आई किंवा वडील स्वतःच आपल्या मुलाला अर्ध्या जुळणीच्या मूलपेशी देऊ शकतात आणि अशी प्रत्यारोपणं आपल्या देशात होतात. हाही पर्याय तुम्ही कधी सांगत नाही.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. बाळाचं स्वतःचं रक्त कोणत्या आजारांत चालत नाही, ती यादी ८० आजारांच्या यादीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत छापा. वैद्यकीय संशोधन परिषदेचं आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत पहिल्या पानावर द्या. नाळ उशिरा कापण्याचा फायदा सही घेण्याआधी समजावून सांगा, आणि त्यामुळे कमी रक्त मिळालं तरी तुम्ही तक्रार करणार नाही, असं करारात लिहा. दवाखान्याला किंवा डॉक्टरांना तुम्ही दर नोंदणीमागे काही देत असाल, तर तो आकडा ग्राहकाला दाखवा. आणि गरोदर बाईचा नंबर तिच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नका.

डॉक्टरांनाही एक विनंती. तुमच्या प्रतीक्षागृहातला यांचा स्टॉल उठवा. त्या खुर्चीवर बसलेली बाई तुमच्या भरवशावर आलेली असते आणि भिंतीवरची प्रत्येक पाटी तिला तुमचाच सल्ला वाटते.

महोदय, ही माहिती तुम्ही छापाल याची वाट बघत मी थांबणार नाही. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक गरोदर मुलीला मी डॉक्टरांना विचारायचे दोन प्रश्न आत्ताच सांगते आहे: नाळेला चिमटा लावायला किती वेळ थांबणार, आणि बाळाची थायरॉइडची चाचणी कधी करणार? या दोन प्रश्नांची चोख उत्तरं तिला मिळाली, तर तिच्या बाळाची खरी काळजी घेतली जाईल. तिला तुमच्याशी बोलायची गरज उरणार नाही.

एक आई