चालणाऱ्यांची कार्यकारिणी

माणूस वर्षाचा झाला की चालायला लागतो आणि साठीचा झाला की चालण्यासाठी मंडळ काढतो. मधली सगळी वर्षे तो पुण्यात दुचाकीवर असतो.

आमच्या ओळखीच्या अशाच एका मंडळाने यंदाच्या पावसाळ्यात लोहगडाचा एकदिवसीय ट्रेक काढला. एरवी ही मंडळी रोज सकाळी जवळच्या टेकडीवर जातात. चढताना महागाईवर बोलतात, उतरताना जावयांवर बोलतात आणि खाली आल्यावर इडली-सांबार खाऊन टेकडीचे उपकार तिथल्या तिथे फेडून टाकतात. आता टेकडीवर जायला कोणाची परवानगी लागत नाही, वर्गणी लागत नाही, वेळ ठरवावी लागत नाही. म्हणजे मंडळाला करण्यासारखे काहीच उरत नाही. टेकडीचा हा दोष लक्षात आल्यावर महिन्यातून एक रविवार सह्याद्रीला द्यायचा ठराव एकमताने मंजूर झाला. (एक सदस्य तटस्थ राहिले. ते तेव्हा झोपले होते, अशी इतिवृत्तात नोंद आहे.)

पहिला प्रश्न श्रेणीचा. ट्रेक सोपा, मध्यम की कठीण हे जाहिरातीत लिहावे लागते. गिर्यारोहणातली जाणती माणसे ही श्रेणी चढ, घसारा, कातळटप्पे, पाण्याची सोय असे काय काय पाहून ठरवतात म्हणे. मंडळाची पद्धत सरळ आहे. अध्यक्षांचे गुडघे जिथवर जातात तिथवर सोपे. सचिवांना मध्ये दोनदा बसावे लागले तर मध्यम. खजिनदार ज्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात ते कठीण. या हिशेबाने कळसूबाई गेली काही वर्षे ‘पुढच्या वर्षी’मध्येच आहे. 1646 मीटर उंचीचे ते महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर आहे आणि वाटेत लोखंडी शिड्या आहेत, याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण शिडीवर एका वेळी एकच जण चढतो, तेव्हा पदाधिकाऱ्यांचा क्रम कसा लावायचा, यावर बैठकीत जे झाले ते पाहता शिखराने वाट बघणेच बरे.

लोहगड मात्र सर्वांना चालला. सोपा आहे, पायऱ्या आहेत आणि जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत तो आहे. शेकडो वर्षे गड जागच्या जागी होता. पण बाहेरच्या कोणी पाठ थोपटल्याखेरीज घरातल्या माणसाकडे वळून पाहायचे नाही ही आपली रीतच आहे. युनेस्कोच्या निर्णयानंतर ‘लोहगड करायलाच हवा’ असे मंडळाचे मत पडले. गड ‘करतात’ हे आम्हाला तेव्हाच कळले. थालीपीठही करतात.

मग जायचे कसे? एका भोळ्या सदस्याने सुचवले की शिवाजीनगरहून लोणावळ्याची लोकल पकडावी, लोणावळ्याच्या अलीकडे माळवलीला उतरावे, द्रुतगती महामार्गावरच्या पुलावरून पलीकडे भाजे गावात जावे, जमल्यास लेणी बघावीत, गायमुख खिंडीतून लोहगडवाडी गाठावी आणि तिथून पायऱ्या चढाव्यात. बैठकीत शांतता पसरली.

“पण त्यात चालावं लागेल,” खजिनदार म्हणाले.

चालणाऱ्यांच्या मंडळात हा मुद्दा बिनतोड ठरला. थेट लोहगडवाडीपर्यंत बस न्यायचे ठरले. सुचवणाऱ्या सदस्याला उपसमितीत घेतले. मंडळात शिक्षेचा हाच एक प्रकार आहे.

उपसमितीकडे सुरक्षेचे काम आले. राज्याचे 2021 चे साहसी पर्यटन धोरण समोर ठेवून अभ्यास सुरू झाला. या धोरणात साहसी उपक्रमांचे जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले असे तीन प्रकार मानले आहेत. लोहगड कशात मोडतो यावर दोन बैठका झाल्या. जुलैतल्या रविवारी त्या पायऱ्यांवरून ओढा वाहत असतो, वारा टोपीसकट माणूस उचलायला बघतो आणि पायाखाली अधूनमधून जमीनही लागते, तेव्हा तिन्ही रकाने भरावेत, असा अहवाल आला. शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकारी पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढतात, त्याचाही विचार करायचा होता. पूर्वी हा आदेश कलम 144 खाली निघायचा, जुलै 2024 पासून नव्या संहितेच्या कलम 163 खाली निघतो. मंडळातल्या एका निवृत्त वकिलांनी दोन्ही कलमांचा तौलनिक अभ्यास वाचून दाखवला. तो संपेपर्यंत त्या वेळच्या आदेशाची मुदत संपली होती. कायद्याचा आदर याहून अधिक कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

मग अर्ज आला. नाव, वय, रक्तगट, आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, आणीबाणीत कळवायच्या नातेवाइकाचा फोन, आणि ‘मला काही झाल्यास मंडळ जबाबदार नाही, मंडळाला काही झाल्यास मी जबाबदार आहे’ असे कलम. तळेगावात राहणाऱ्या गोनीदांनी या डोंगरांत उभी हयात हिंडून ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली, पण रक्तगटाचा दाखला जोडल्याचे त्यात कुठे दिसत नाही. या नियमांपुढे मंडळाने त्यांना बसमध्येही घेतले नसते. प्रतीक्षायादीत ठेवले असते फार तर.

रविवारी पहाटे साडेपाचला जमायचे, सहाला बस सुटणार, ‘कोणासाठीही थांबणार नाही’ असे तिरक्या अक्षरांत छापले होते. साडेपाचला ड्रायव्हर आला. सहाला सदस्य आले. सव्वासहाला पदाधिकारी आले. पावणेसातला ज्यांच्यासाठी बस कोणासाठीही थांबणार नव्हती ते अध्यक्ष आले. मागोमाग त्यांची विसरलेली काठी घेऊन सूनबाई आल्या. बस सुटली आणि पहिल्याच सिग्नलला ओळख परेड सुरू झाली. चौतीस माणसे, रोज सकाळी एकमेकांना भेटणारी, उभे राहून आपापले नाव, हुद्दा, निवृत्तीचे साल आणि ट्रेकिंगचा अनुभव सांगत होती. अनुभव सांगताना बहुतेकांनी 1975 ते 1980 या काळातले राजगड-तोरणा काढले. तेव्हाचे कॅनव्हासचे हंटर शूज, पाठीवरची मिलिटरी सॅक, गुळाची पोळी, गुहेतला मुक्काम. जो तो त्या काळी एका दमात चढला होता. या पिढीने मिळून सोडलेला दम एकत्र केला तर बोरघाटात रेल्वे ओढता येईल.

ट्रेकच्या शिस्तीत पुढे एक लीडर असतो, मागे एक असतो. पुढच्याला मागे टाकून कोणी जायचे नाही, मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. नियम उत्तम आहे आणि जीव वाचवणारा आहे, त्याची थट्टा आम्ही करणार नाही. पण मंडळात पुढचा लीडर व्हायला नऊ जण तयार होते आणि मागचा व्हायला कोणीच नाही. शेवटी मघाच्या त्या भोळ्या सदस्याला ते पद दिले. नऊजण आघाडीला गेले. मधल्या चोवीस जणांना त्यामुळे गडाऐवजी आघाडीच्या पाठी दिसत राहिल्या.

तशाही पाठीच दिसणार होत्या. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगड चढणे म्हणजे रांगेत उभे राहणे. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा अशी एकामागून एक वळणे घेत जाणारी ही वाट. बांधणाऱ्यांनी ती मुद्दाम अरुंद आणि वळणाची ठेवली, शत्रू एकगठ्ठा आत शिरू नये म्हणून. योजना अजून चोख चालते. वरून उतरणारे आणि खालून चढणारे दरवाजात समोरासमोर आले की दोन्ही फौजा अडकतात. छत्र्या एकमेकींत गुंततात. कोणी तरी ‘एक साइडने, एक साइडने’ ओरडतो आणि ती साइड कोणती यावर एकमत होत नाही. याच कोंडीत पंचविशीतल्या पोरांचा एक ग्रुप गारद द्यायला लागतो. दगडी कमानीखाली तो घोष खरोखर अंगावर काटा आणतो. मग काटा उतरतो आणि मागचा माणूस विचारतो, “झालं का? सरका की पुढं.”

कोंडीचा फायदा एकट्या इतिहासकाकांना झाला. प्रत्येक मंडळात एक असे काका असतात. दरवाजात अडकलेला श्रोता पळू शकत नाही हे त्यांनी हेरले आणि गणेश दरवाजात 1648, नारायण दरवाजात 1665 आणि हनुमान दरवाजात 1670 अशी सालवारी लावली. 1665 पाशी रांग जास्तच तुंबली, त्यामुळे पुरंदरचा तह सगळ्या कलमांसह झाला. तहात 23 किल्ले मोगलांकडे गेले, लोहगड त्यांतच. महाराजांकडे उरले 12. युनेस्कोच्या यादीतही 12 च. काकांना यात योगायोग दिसत नाही. यावर त्यांचा लेख तयार आहे, तो कोणी छापत नाही हाही योगायोग नाही, असे त्यांचे म्हणणे. नाना फडणविसांच्या तळ्यापर्यंत काका पोचले तेव्हा त्यांचे श्रोते पोचले नव्हते. ते मक्याच्या कणसापाशी थांबले होते.

गडाच्या माथ्यावर धुके असते. इतके की विंचूकाट्याकडे बोट दाखवले तर बोटच दिसत नाही. पवना धरण, विसापूर, तुंग, तिकोना यांपैकी काहीही न दिसता सर्वांनी ‘काय व्ह्यू आहे!’ म्हणून फोटो काढले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर केशरी टोप्या. या टोप्यांनीच पुढचा घोळ केला. मंडळाने त्या बोहरी आळीतून घाऊक भावात आणल्या होत्या, हरवल्यास चटकन ओळखू यावे म्हणून. दुर्दैवाने डोंबिवलीच्या एका मंडळालाही हाच रंग सुचला होता. धुक्यात दोन्ही केशऱ्या मिसळल्या. महादरवाजात मागच्या लीडरने डोकी मोजली तर चौतीसाची एकेचाळीस झाली होती. माणूस कमी भरला तर काय करायचे याचे सविस्तर नियम होते; जास्त भरला तर काय, यावर उपसमितीने विचार केला नव्हता. “वाढताहेत ना? मग चांगलंय,” अध्यक्ष म्हणाले. सभासदवाढ हा त्यांचा निवडणुकीतला मुद्दा आहे.

खाली लोहगडवाडीत पिठलं-भाकरी सांगून ठेवली होती. पडवीत चुलीपाशी मावशी भाकऱ्या थापत होत्या.

“किती पानं लावू, दादा?”

“एकेचाळीस.”

“सकाळच्याला तर चौतीस म्हनला व्हता.”

“वाढले.”

“गडावं?” असे म्हणून मावशींनी परातीत आणखी पीठ ओतले. त्यांचा मुलगा सकाळपासून डोक्यावर ताकाची कॅन आणि लिंबांची पिशवी घेऊन दोनदा वर जाऊन आला होता. त्याने कोणती श्रेणी ‘केली’ हे आमच्या मंडळींपैकी कोणी विचारले नाही; तो मात्र प्रत्येकाला ‘काका, बरं वाटतंय ना?’ असे विचारत होता.

जेवण झकास झाले. पिठलं, ठेचा, कांदा आणि वर प्रत्येकाने घरून आणलेले ठेपले, चकल्या, डिंकाचे लाडू. चढताना जाळले त्याच्या तिप्पट आत गेले. वामकुक्षी झाली. मग प्रमाणपत्रे वाटली. जाड कागद, गडाचे चित्र, ‘यशस्वीरीत्या सर केल्याबद्दल’. पुरंदरच्या तहानंतर लोहगड इतक्या शांततेत कोणी सर केला नव्हता. आम्ही ते प्रमाणपत्र पाहिले आहे. चित्र रायगडाचे आहे.

बसमध्ये बसताना घोळ उलगडला. डोंबिवलीकर दहा जण आमच्या पंगतीत जेवले होते आणि आमचे तीन जण शेजारच्या अंगणात डोंबिवलीकरांबरोबर मसालेभात खाऊन, त्यांच्या ओळख परेडमध्ये आपली निवृत्तीची साले सांगून, वर त्यांच्या पुढच्या रतनगड ट्रेकची आगाऊ रक्कमही भरून बसले होते. तिघेही खुशीत होते. तिथे लोक आपल्याला पहिल्यांदाच ऐकत होते, असे एक जण म्हणाले.

मंगळवारी हिशेबाची बैठक झाली. ट्रेक कसा झाला यावर कोणी अवाक्षर काढले नाही, तो मुद्दा पत्रिकेवर नव्हता. खजिनदारांनी मांडले: दहा पाने गेली, तीन वाचली, निव्वळ तूट सात पानांची. शिवाय चहा. डोंबिवलीकरांनी दुपारचा चहा आपल्याकडे घेतला, आपल्या तिघांनी तिकडे ताक घेतले. चहा आणि ताक परस्पर वळते करता येईल का, यावर निवृत्त वकिलांचे मत मागवले आहे. दोन्ही मंडळांच्या खजिनदारांची संयुक्त बैठक लोणावळ्याला घ्यायची असे ठरले, दोघांनाही मध्यावर पडते म्हणून. हॉटेल स्टेशनपासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. तेव्हा रिक्षाचे पैसे कोणी द्यायचे हा विषय पत्रिकेत पहिला घेतला आहे.