जागरण-सौजन्य : बालस्पर्धांच्या निर्मात्यांस खुले पत्र

प्रति,
छोट्या पडद्यावरील बालस्पर्धांचे समस्त मा. निर्माते,
गोरेगाव (पूर्व), मुंबई.

विषय : बडनेरा व परिसरातील पालकांच्या झोपेचा आपण वेळोवेळी केलेला विनामूल्य स्वीकार, त्याबद्दल आभार व काही सूचना.

महोदय,

आठ वर्षांचे मूल आणि चाळिशीकडे झुकलेली त्याची आई हे दोघेही, तोंडावर पुरेसा उजेड टाकला असता, मध्यरात्रीनंतर झोपेवाचून प्रसन्न राहू शकतात, हा शोध दूरचित्रवाणीच्या इतिहासात आपल्या नावावर नोंदला जाणे अगत्याचे आहे. निद्राशास्त्राला तो अद्याप मान्य नाही, ही गोष्ट वेगळी. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संघटनेने 2016 मध्ये 6 ते 12 वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप आवश्यक असल्याचे सांगितले, आणि पेशींमधील जैविक घड्याळाची, म्हणजे झोप, भूक व शरीराचे तापमान यांचा दिवसरात्रीशी मेळ घालणाऱ्या यंत्रणेची, उकल करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्या तिघांपैकी कोणीही रात्री दीड वाजता फ्लोअर मॅनेजरची ‘ऑडियन्स, एनर्जी!’ ही आरोळी ऐकली असण्याचा संभव नसल्याने त्यांचे निष्कर्ष तूर्त अपुरेच समजावेत.

बडनेरा हे हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावरील जंक्शन असून अमरावतीचा फाटा येथूनच फुटतो, आणि मुंबई येथून सुमारे 660 किलोमीटरवर आहे. संध्याकाळी अंबा एक्सप्रेस पकडावी, रात्र बर्थवर काढावी, सकाळी दादरला उतरून लोकलने गोरेगाव गाठावे व तेथून रिक्षाने चित्रनगरी, असा येथील पालकाचा क्रम आहे. म्हणजे पहिली रात्र रेल्वेला, दुसरी आपल्याला आणि तिसरी परतीच्या गाडीला दिल्यानंतर चौथ्या दिवशी मूल शाळेत आणि पालक कामावर हजर होतो. तेथे त्याचे जे होते ते चित्रित करण्याची सोय अद्याप झालेली नाही.

इतका खटाटोप पालक का करतात, असा प्रश्न शहाणी माणसे विचारतात, आणि त्याचे उत्तर केवळ हौस एवढेच दिल्यास ते अन्यायाचे ठरेल. 2008-09 मध्ये झी मराठीवर झालेल्या ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ या पर्वाच्या अंतिम फेरीत आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे ही मुले होती. गाव लहान असले तरी गळा मोठा असू शकतो, हे त्या पर्वाने घरोघर पटवले. पुढे ‘चला हवा येऊ द्या’मधून भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली साऱ्या महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात नेऊन बसवली, आणि 2019 मध्ये अंजनगाव सुर्जीच्या शाळेत दरमहा 1,500 रुपयांवर खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये 1 कोटी रुपये जिंकले. ज्या अमरावती जिल्ह्याने ही उदाहरणे डोळ्यांनी पाहिली, तेथील आईबापांनी लेकरू घेऊन गाडीत बसणे हा भाबडेपणा नव्हे, तो हिशेब आहे. या हिशेबातील झोपेचा रकाना कोण भरतो, एवढाच प्रश्न उरतो.

जेथे ‘लेट नाइट शो’, म्हणजे रात्री उशिराचा गप्पांचा कार्यक्रम, हा प्रकार रुजला त्या अमेरिकेत 1954 पासून चालू असलेला ‘द टुनाइट शो’ प्रेक्षकांना रात्री 11.35 वाजता दिसतो. मात्र त्याचे चित्रीकरण त्याच दिवशी सायंकाळी उरकते, आणि टाळ्या वाजवून गेलेला प्रेक्षक प्रक्षेपणाच्या वेळी खुशाल घोरत असतो. आपण ही रीत उलटी करून दाखवली आहे. रात्री 9 वाजता, जेवणाच्या ताटासमोर पाहण्याचा कार्यक्रम आपण पहाटेपर्यंत चित्रित करता. तिकडे रात्रीचा केवळ देखावा असतो आणि माणसे झोपतात; इकडे देखावा प्रसन्न संध्याकाळचा असतो आणि माणसे जागतात.

यामागे कलेची निकड नसून भाड्याचे गणित आहे, हे सांगण्यात कमीपणा मानू नये. सेट आणि तांत्रिक चमू शिफ्टच्या हिशेबाने, म्हणजे बहुधा बारा तासांच्या पाळीने, मिळतात; परीक्षकांच्या तारखा मोजक्या असतात; म्हणून एकाच बैठकीत दोन-तीन भाग चित्रित करून ठेवले जातात, ज्यास त्या व्यवसायात ‘बँक’ करणे म्हणतात. दिवे लावण्यात सकाळ जाते, पाहुण्यांच्या येण्यात दुपार जाते, आणि घसरत घसरत लेकराची पाळी मध्यरात्रीच्या पुढे येते. तोवर ते दोन प्लास्टिकच्या खुर्च्या जोडून निजलेले असते; अंगातल्या टिकल्यांच्या जाकिटाला सुरकुती पडू नये म्हणून आईने त्याचा एक हात वर धरलेला असतो आणि कमरेला लावलेली माइकची डबी रुतू नये म्हणून खाली आपला पदर सारलेला असतो. “काहून बाप्पा, अजून किती वेळ?” या तिच्या प्रश्नाला ‘बस, पाच मिनिटं, ताई’ हे उत्तर मिळते, आणि त्या पाच मिनिटांची लांबी जैविक घड्याळाच्या संशोधकांनाही मोजता येणार नाही.

त्यानंतर घडते ते तंत्राच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. मूल गात असताना कॅमेरा आईकडे वळतो, कारण ‘रिॲक्शन शॉट’, म्हणजे मुख्य घटना पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरील प्रतिक्रियेचे दृश्य, यावाचून भाग उभा राहत नाही. तिचे डोळे लाल व पाणावलेले असतात. दोन रात्रींच्या जागरणाने तसे होणे शरीरधर्माला धरूनच आहे. संकलनात त्या दृश्याखाली व्हायोलिन घातले जाते आणि घरोघरचे प्रेक्षक मातृहृदयाच्या कौतुकाने गहिवरतात. ग्लिसरीनचा खर्च वाचवणारी याहून स्वस्त पद्धत चित्रपटसृष्टीलाही साधलेली नाही.

कायद्याचा प्रश्न उपस्थित करणे शिष्टाचाराला सोडून होईल, तथापि त्याचा निसटता उल्लेख अपरिहार्य आहे. बालकामगारविषयक कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती होऊन 2017 मध्ये जे नियम आले, त्यांनुसार बालकलावंताकडून दिवसाला 5 तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून 3 तासांहून अधिक काम करून घेता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, आणि मुलाच्या कमाईचा किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. याच नियमांनुसार घरच्या धंद्यात मदत करणाऱ्या मुलाला सायंकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत काम सांगता येत नाही. म्हणजे बडनेऱ्यातील पोराने रात्री आठला बापाच्या दुकानात साखरेची पुडी बांधणे नियमबाह्य ठरते, तर कलावंत मुलाच्या बाबतीत तासांची संख्या मोजली जाते, प्रहर मोजला जात नाही. खुर्च्यांवर निजून पाळीची वाट पाहण्याचे तास कामात धरावेत की कसे, हेही कोणी स्पष्ट करीत नाही. पालकाचे तास तर कोणीच मोजत नाही, जरी त्या ‘जबाबदार व्यक्ती’ने करावयाची बरीचशी कामे तोच फुकटात उरकत असतो.

या जबाबदार व्यक्तीची अवस्था तपासणेही उद्बोधक ठरेल. ‘नेचर’ या नियतकालिकात 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात असे आढळले की सलग 17 तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात 0.05 टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी घसरते. भारतात वाहनचालकासाठी ही मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. तात्पर्य, ज्या अवस्थेत माणसाला लुनाही चालवू देऊ नये, तीत आपण त्याच्यापुढे इंग्रजीतील करारपत्र ठेवता आणि ‘इथे, इथे आणि इथे’ सह्या घेता.

रात्रभराचे प्रयोग वऱ्हाडाला नवे नाहीत, हा आपला युक्तिवाद येथे आगाऊच मान्य करण्यात येत आहे. दंडार आणि खडी गंमत ही विदर्भातील लोकनाट्ये रात्रीच रंगत आली, आणि अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून जागे करीत. मात्र तेथे जागे करावयाचे ते मोठ्यांना. लेकरे सतरंजीवर आईच्या मांडीला डोके लावून बिनघोर निजत, आणि टाळी कमी पडली म्हणून त्यांना कोणी उठवीत नसे. परंपरेचा दाखला द्यावयाचा झाल्यास तो सतरंजीसह द्यावा.

सबब, पुढील सूचनांचा सहानुभूतीने विचार व्हावा. मुलांच्या पाळ्या प्रथम आणि परीक्षकांचे विनोद नंतर चित्रित करावेत, कारण विनोदाला रात्र मानवते. बाहेरगावच्या मुलास आल्या दिवशी उभे करू नये. करारपत्र मराठीत असावे व सकाळच्या चहानंतर पुढ्यात ठेवावे. यांपैकी काहीच जमण्यासारखे नसेल तर निदान भागाच्या शेवटी, जेथे दागिने, साड्या आणि केशभूषा पुरवणाऱ्यांचे आभार अक्षरे वाचता येणार नाहीत अशा वेगाने सरकतात, तेथे एक ओळ वाढवावी : ‘जागरण-सौजन्य : स्पर्धकांचे आईबाप’. ही ओळही कोणाला वाचता येणार नाही, याची खात्री असल्याने आपणास अडचण पडू नये.

कळावे, लोभ आहेच. तो थोडा कमी असता तरी चालले असते.

आपले,
बडनेरा जंक्शन येथे परतीच्या गाडीने उतरलेले पालक

ता. क. : या पत्राचे उत्तर फोनवर द्यावयाचे झाल्यास कृपया सायंकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत देऊ नये. त्या वेळी पोरे निजलेली असतात, आणि ती घरच्या अंथरुणावर निजली असल्याने त्यांना उठवण्याचा अधिकार आपणाकडे नाही.