३८ मिनिटांचं विमान

कोल्हापूर ते सिंधुदुर्गातलं चिपी हे हवाई अंतर सुमारे ११० किलोमीटर आणि विमानाचा वेळ ३८ मिनिटं. या हिशेबात खोट काढायचीच झाली तर एकच आहे. असं विमान नाही.

अंतर काढणाऱ्या संगणकाचं त्यावाचून काही अडत नाही. उजळाईवाडीची धावपट्टी आणि चिपीचा सडा यांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, मध्ये रेघ ओढायची, ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. ८०० हा वेग जेटचा. छोट्या विमानतळांवर दिसणारं पंख्याचं एटीआर फार तर ५०० गाठतं. पण जे उडायचंच नाही, ते जेट असलेलं काय वाईट?

जमिनीवरून जाणाऱ्याला मात्र आधी करूळ घाट चालू आहे का, हे विचारावं लागतं. नसेल तर फोंडा. रेल्वेही आहे, कोल्हापूर-वैभववाडी, सुमारे १०७ किलोमीटरची. फक्त रूळ पडायचे राहिलेत. म्हणजे नसलेली रेल्वे नसलेल्या विमानापेक्षा तीन किलोमीटरने जवळ पडते. चोखंदळ प्रवाशाने विचार करावा.

समजा, झालं विमान सुरू. उजळाईवाडीला तासभर आधी हजर राहा, पट्टा काढा, पाण्याची बाटली रिकामी करा. चिपीला उतरल्यावर कुडाळ गाठायचं तर रिक्षावाला सांगेल तो आकडा. तोवर तुमच्याबरोबरच निघालेली लालपरी कणकवली सोडून पुढे आलेली असते, तीही अर्ध्या तिकिटात बायकांना घेऊन.

चिपी विमानतळाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं. व्यासपीठावर उद्धव ठाकरे आणि नारायण राणे दोघेही होते. त्या दोन खुर्च्यांमधलं अंतर काढणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसवायचं, हे 'उडान' योजनेचं ध्येय. कोल्हापुरी घालणाऱ्याबद्दल तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं, हे मान्य. 'कॅग'ने २०२३ मध्ये हिशेब मांडला: पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ वर विमान गेलंच नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी सवलतीची तीन वर्षं ११२ मार्गांनीच काढली आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४. अनुदान आटलं की आकाशही आटतं. न टिकलेल्या मार्गांची अंतरं मात्र संगणकात अजून शाबूत आहेत, किलोमीटरनेही इकडेतिकडे झालेली नाहीत.

तिकडे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं विमान १९६७ पासून जातं. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा पाठीशी असताना एकदा ५३ सेकंदांत पोचलंय. आपल्याकडे एवढ्या अंतराला वडाप भरायलाच पाऊण तास लागतो. पण मध्ये समुद्र आहे आणि पलीकडे माणसं आहेत, एवढ्यावर ते लोक विमान सोडतात. उद्घाटनाला कोण, पत्रिकेत नाव कुणाचं, याचा काही विचार?

आपण निदान यंत्राचा तरी पुरेपूर वापर करावा. २०२३ मध्ये विमानं सुरू झाल्यापासून गोव्याच्या मोपाने चिपीचे प्रवासी ओढून नेले, अशी सिंधुदुर्गात ओरड आहे. त्यावर उपाय हातात आहे. चिपी ते मोपा हवाई अंतर सुमारे ४५ किलोमीटर, वेळ ३३ मिनिटं. त्यातली ३० चढण्या-उतरण्याची. मंत्रिमहोदयांना हिरवा झेंडा दाखवायला अजून तीन उरतात.