मालकांच्या ओळखी

सोलापुरात 'मालक' व्हायला मालकीचं काही असावं लागत नाही. रिक्षावाला गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, गिऱ्हाईक पानवाल्याला. आमच्या कट्ट्यावरच्या मालकांकडे मात्र खरोखरची इस्टेट आहे, आणि ती म्हणजे ओळखी. सगळ्या मोठ्या माणसांच्या आणि सगळ्या एकतर्फी.

पार्क चौकात, चार पुतळ्यांपासून जवळच, संध्याकाळी आम्ही जमतो. पेटी वाजवणारे मास्तर, टॉवेलचे माग असलेले अण्णा, मी आणि मालक. हुतात्मा स्मृती मंदिर हाकेच्या अंतरावर आहे. तिथं नाटक असलं की मालक अर्धा तास आधी हजर. तिकीट क्वचितच काढतात. नाटकमंडळींची बस येते, नट-नट्या उतरतात, तो त्यांचा पहिला अंक. बस परत जाते तो शेवटचा. मधलं काय ते लोकांनी बघावं.

थापाडे गावोगाव असतात, पण ते हावरट असतात. 'मी दादा कोंडक्यांबरोबर काम केलंय' असं सांगून बसतात आणि दोन प्रश्नांत उघडे पडतात. मालक स्वतःकडे मोठेपणा कधीच घेत नाहीत. त्यांची भूमिका कायम पाणी देण्याची, पंखा लावण्याची, बॅटरी धरण्याची. त्यामुळे पुरावा कुठं शोधायचा हेच समोरच्याला कळत नाही. "'विच्छा माझी पुरी करा'चा प्रयोग. विंगेत दादांची नाडी आत गेली. ओवायला पिन कुणी दिली? आपण."

मास्तर शांतपणे म्हणाले, "मालक, नाडी सिनेमातली. 'विच्छा'त दादा हवालदार होते."

"मग?" मालक म्हणाले, "हवालदाराच्या प्यांटीच्या आत काय असतंय बे?"

यावर कुणाला काही बोलता आलं नाही. मीही घरी येऊन विचार केला, मलाही उत्तर सापडलं नाही.

मालकांचं खरं भांडवल आहे ते ९ सप्टेंबर १९३८ या तारखेचं. त्या दिवशी लता मंगेशकर सोलापुरात वडिलांबरोबर पहिल्यांदा जाहीर कार्यक्रमात गायल्या. नऊ वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस राहिले होते. पोरीनं खंबावती गायला, नाट्यपदं म्हटली आणि मग मास्टर दीनानाथ गायला बसले तेव्हा त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून ती स्टेजवर झोपून गेली. ही हकीकत खुद्द लताबाईंनी सांगितलेली आहे. त्यामुळे सोलापुरात तिला सात-बाराच्या उताऱ्याचा मान आहे. ज्याच्या त्याच्या घरात त्या रात्री तिथं बसलेला एक तरी आजोबा निघतो. एवढे आजोबा खरंच आले असते तर गायकांना उभं राहायला जागा उरली नसती.

मालकांनी सुरुवातीला वडिलांना पाठवलं होतं. अण्णा हिशेबाचे पक्के. त्यांनी विचारलं, "वडील कुठल्या सालचे?"

"एक्केचाळीसचे."

"मग अडतीसला कसे गेले?"

"आजोबा गेले होते की बे! वडलांचं तिकीटच काढलं नव्हतं."

तेव्हापासून आजोबा जातात. गेल्या काही वर्षांत ते पुढच्या रांगेत सरकले आहेत, आणि पोरीला झोप लागल्यावर अंगावर घालायला सोलापुरी चादर त्यांनीच दिली, असं अलीकडे ऐकू येतं. मास्तरांना चादरीचं काही वाटत नाही. त्यांना त्रास होतो तो रागाचा. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "मालक, खंबावती कुठल्या थाटातला?"

मालक भारावून म्हणाले, "दीनानाथरावांचा थाट काय विचारता!"

मास्तरांनी चहा अर्धा टाकला. माणूस हाडाचा गाण्यातला. फय्याजबाईंचं नाव निघालं तरी कानाला हात लावतो. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ सालचं, आणि त्यातली झरीना आमच्या सोलापूरची, हे सांगताना त्यांचा आवाज अर्ध्या सुरानं चढतो. नाटकातलं गाणं गोष्ट थांबवून गायचं नसतं, गोष्टीला पुढं नेत गायचं असतं आणि ते या बाईला कसं साधलं होतं, हे ते हातवारे करून समजावू लागतात. मालक अदबीनं ऐकून घेतात आणि विचारतात, "पण त्यांचं घर नेमकं कुठल्या गल्लीत?" २०१५ साली फय्याजबाई बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या तेव्हा मालकांनी चौकात पेढे वाटले. पैसे अण्णांनी दिले.

शशिकलाचा जन्मही सोलापूरचा, म्हणून पडद्यावर तिनं मीनाकुमारीला छळलं की मालकांना घरच्यासारखं अवघडल्यासारखं होई. 'हास्यसम्राट'मुळे प्रा. दीपक देशपांडे महाराष्ट्रभर गाजले, तेव्हा त्यांची तालीम आपल्याच कट्ट्यावर झाल्याचं मालकांनी जाहीर केलं. अण्णा म्हणाले, "मग इथं कुणी हसत का नव्हतं?" अतुल कुलकर्णी 'नाट्य आराधना'त काम करायचे तेव्हा त्यांना सायकलला हवा भरायला पंप कुणी दिला, हे आता सांगायला नकोच. शाहीर राम जोशी १८१२ साली वारले म्हणून तेवढे सुटले.

हे सगळं नुसतं हसण्यावारी न्यायलाही मला जिवावर येतं. गुणी माणूस रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसतो, सकाळी मुंबईचा होतो. नंतर गावात येते ती त्याची बातमी. मागं राहिलेल्यांच्या हाती फलाटाचं तिकीट. ते मालकांनी जपून ठेवलंय, एवढंच.

मालकांचा बाजार एकदाच बसला, २०१६ साली. 'सैराट' आला. नागराज मंजुळे जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची, करमाळा तालुक्यात चित्रीकरण. पाहता पाहता जिल्ह्यात ज्याला त्याला ओळख फुटली. कुणाचा मेहुणा क्रिकेटच्या गर्दीत, कुणाची म्हैस रस्त्याच्या कडेला. आणि ही मंडळी पुरावा घेऊन येत. मोबाइलवर सिनेमा लावायचा, बोटानं थांबवायचा, "हे बघा, निळ्या शर्टातला." मालकांच्या साऱ्या ओळखी पडद्यामागच्या, त्या कुठं थांबवून दाखवणार? तीन आठवडे ते फक्त भजी खात बसले. चौथ्या आठवड्यात म्हणाले, "अर्चीनं चालवला त्या ट्रॅक्टरमधलं डिझेल..." पण आवाजात जोर नव्हता.

पोरंही आता सरळ विचारतात, "मालक, फोटो हाय का?" त्यावर मात्र त्यांचं उत्तर मला पटतं. "आमच्या वेळी मोठा माणूस दिसला तर त्याच्याकडं तोंड करून उभं ऱ्हायचो बे. तुम्ही पाठ करून उभे ऱ्हाता."

मालकांची एक जुनी गोष्ट अशी, की मुंबईतली निम्मी इंडस्ट्री त्यांच्या घरच्या शेंगाचटणीवर जगते. कोणाकोणाला किती पाठवली, कोणाला लसूण जास्त लागतो, कोणाच्या बायकोनं कृती विचारली, याचा तपशील पाठ आहे.

मागच्या हिवाळ्यात प्रयोग सुटल्यावर एक नामवंत नट बसकडे निघाला होता. गर्दी पांगली होती. आम्ही मालकांना पुढं ढकललं. ते मागं सरकले. "दमलेत ओ. उगं ओळख दाखवून कशाला त्रास द्यायचा?" तेवढ्यात तो नटच वळून आमच्याकडे आला आणि थेट मालकांना म्हणाला, "काका, इथं शेंगाचटणी चांगली कुठं मिळेल?"

मालक म्हणाले, "आं?"

त्यानं पुन्हा विचारलं. मालकांनी आमच्याकडे बघितलं, पुतळ्यांकडे बघितलं. शेवटी अण्णांनी दुकान सांगितलं. नट नमस्कार करून गेला. कट्ट्यावर कुणी काही बोललं नाही. मास्तर तर मुद्दाम घड्याळ बघत बसले.

मालक आठवडाभर आले नाहीत. आले ते नव्या आवृत्तीसह. आता त्यात नट "काका!" अशी लांबूनच हाक मारतो, चटणी मागतो आणि मालक घरी पळत जाऊन अर्धा किलो घेऊन येतात. कट्ट्यावर नुकताच येऊ लागलेला एक कॉलेजातला पोरगा हे ऐकत होता. त्यानं संशयानं माझ्याकडे पाहिलं.

"खरंय का हो काका? तुम्ही होता ना तिथं?"

मालक भज्याच्या कागदाची घडी घालत बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते.

"अर्धा किलो कसली?" मी म्हटलं. "चांगली किलोभर होती. पिशवी मीच धरली होती."